वाढत्या अंगाची सायकल

डाउनहिलची सायकल कारखान्यातून निघते तीच एका ठरावीक माणसासाठी जुळवून. तो साधारण ७५ ते ८० किलोचा, पावणेसहा फुटांच्या आसपासचा दणकट पुरुष असतो. पुढच्या चिमट्यातल्या तेलाचा जाडपणा, मागच्या शॉकमधल्या पोलादी चकत्या, ब्रेकच्या डिस्कचा व्यास, हँडलची रुंदी, सगळं त्याच्या बेतानं ठरलेलं. त्याच सायकलीवर ४४ किलोची चौदा वर्षांची मुलगी बसली, तर हे सायकलीला कळायला काही मार्ग नसतो. ती त्या गैरहजर गड्यासाठीच वागत राहते. दगडावर चाक पुरेसं वर जात नाही, गेलं तर वेळेत खाली येत नाही. ब्रेकच्या दांडीपर्यंत बोट नीट पोचत नाही आणि पोचलं की चाक एकदम जाम होतं. ट्रॅकच्या कडेला उभे असलेले म्हणतात, पोरगी बिचकते. यात पोरीची भीती किती आणि सायकलीचा आडमुठेपणा किती, हे सायकल तिच्या मापानं जुळवल्याशिवाय सांगता येत नाही.

या खेळाचा जन्मच मुळी यंत्र कमी पडण्यातून झाला. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत ऑक्टोबर १९७६ मध्ये काही मंडळी जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावर गेली आणि घड्याळ लावून एकेक करून खाली सुटली. साधारण सव्वातीन किलोमीटरांत चारशे मीटरचा उतार. ब्रेक मागच्या हबमध्ये, पेडल उलटं दाबलं की लागणारा. खाली पोचेपर्यंत हब इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा, आणि पुढच्या खेपेआधी हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. त्या उद्योगावरूनच त्या वाटेला ‘रीपॅक’ म्हणू लागले. १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या दुरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा डाउनहिलला त्यात स्वतंत्र स्थान होतं. आज पुढे-मागे दोनशे-दोनशे मिलिमीटर दबणारं सस्पेंशन, तेलावर चालणारे ब्रेक आणि सोळा किलोच्या आसपास वजन ही सर्वसाधारण डाउनहिल सायकल. ८० किलोच्या स्वाराला ती स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढी. आपल्या मुलीला मात्र तिच्या वजनाच्या एक तृतीयांशापेक्षाही जड.

आपण ही सायकल स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यमसाठी जुळवतो आहोत असं धरू. आओनाख मोर डोंगरावरचा हा ट्रॅक जवळपास २.८ किलोमीटर लांब आहे आणि खाली येईपर्यंत साडेपाचशे मीटर उतरतो. २००२ पासून बरीच वर्षं विश्वचषकाच्या फेऱ्या इथे झाल्या. वरचा भाग उघडा माळ आणि खडकच खडक, मग झाडी, मुळं आणि चिखल, आणि शेवटी मोठमोठ्या उड्या. जगातल्या चांगल्या पुरुष स्वारांनाही इथे चार मिनिटांहून जास्त लागतात. डाउनहिलमध्ये ही वेळ फार मोठी. सायकलीत काही चुकलं असेल तर पहिल्या मिनिटात कळत नाही, तिसऱ्यात हात सांगतात.

पहिला प्रश्न सायकलीच्या मापाचा. इथे आईबाप हमखास शाळेच्या गणवेशाचं गणित लावतात. वाढत्या अंगाचा घ्यावा, बाही दोनदा दुमडली की पहिलं वर्ष निभावतं. सायकलीची बाही दुमडता येत नाही. बघायचं ते ‘रीच’: पेडलांच्या मधल्या आसापासून हँडलच्या नळीच्या माथ्यापर्यंतचं आडवं अंतर. १५४ सेंटिमीटर उंचीच्या मुलीला ४०० ते ४२५ मिलिमीटर पुरतं. साडेचारशेच्या फ्रेमवर ती उभी राहिली की हात ताणले जातात, वजन आपोआप मागे सरकतं, पुढचं चाक हलकं पडतं आणि वळणात तेच निसटतं. हलक्या स्वारांचे बरेच अपघात या एका कारणानं होतात, आणि दोष जातो टायरला.

चाकांच्या मापावरून तर घराघरांत वाद आहेत. २०१७ मध्ये फोर्ट विल्यमलाच दक्षिण आफ्रिकेच्या ग्रेग मिन्नारनं २९ इंची चाकांच्या सायकलीवर विश्वचषकाची फेरी जिंकली आणि मोठ्या चाकांची लाट आली. पण मिन्नारची उंची १९० सेंटिमीटर. तीव्र उतारावर बसकण मागे न्यावी लागते. आखूड पायांच्या स्वाराला तिथे मागचं २९ इंची चाक थेट पार्श्वभागाला घासतं. २०१९ पासून पुढे-मागे वेगळ्या मापाची चाकं चालवायला मोकळीक मिळाली आणि त्याच वर्षी फ्रान्सचा लोइक ब्रुनी पुढे २९, मागे २७.५ अशा सायकलीवर जगज्जेता झाला. आपल्या मुलीला हीच जोडी द्यावी, नाहीतर दोन्ही २७.५. मागचं २९ तिच्यासाठी नकोच, दुकानदार काहीही म्हणो.

हँडल बहुतेकदा ८०० मिलिमीटर रुंद येतं. तिला ७१० ते ७४० पुरे. अंदाज घ्यायची साधी रीत: जमिनीवर जोर मारायला लावायचं, हात आपसूक जिथे टेकतील त्यांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजायचं. लगेच करवत उचलायची नाही. आधी ग्रिपा आणि ब्रेक आत सरकवून दोन-तीन दिवस चालवू द्यायचं, मग दोन्ही टोकांनी सारखं कापायचं, एका वेळी पाच-पाच मिलिमीटर. ग्रिपा शक्य तितक्या बारीक घ्याव्यात. लहान तळव्याला जाड ग्रिप आवळून धरावी लागते आणि आवळण्यातच ताकद जाते. क्रँक १६५ चे असतील तर १५५ चे टाकावेत. पेडल सपाट हवं, बूट अडकवणारं नको. ऑस्ट्रेलियाच्या सॅम हिलनं सपाट पेडलांवर तीन जागतिक विजेतेपदं मिळवली, तेव्हा त्यात कमीपणा काही नाही, आणि उडी घेताना सायकल पायानं ओढण्याऐवजी अंगानं उचलायची सवय लागते.

ब्रेककडे मात्र सावकाश बघू. लिव्हरच्या बुडाशी एक छोटा स्क्रू किंवा फिरकी असते, तिनं दांडी ग्रिपच्या जवळ आणता येते. मुलीनं हात ग्रिपवर ठेवावा, तर्जनी सरळ करावी. दांडी त्या बोटाच्या पहिल्या पेरात यायला हवी. ब्रेकचा क्लँप आत सरकवायचा, म्हणजे बोट दांडीच्या अगदी टोकावर पडतं. टोकाशी तरफ लांब, म्हणून जोर कमी लागतो. आणि ब्रेक एका बोटानंच मारायचा; उरलेली बोटं हँडलसाठी. दांडीचा कोन ठरवायला तिला स्वारीच्या पवित्र्यात उभं करायचं आणि मनगट वर वा खाली न मोडता हात सरळ रेषेत येतो का ते बाजूनं बघायचं. आणखी एक गोष्ट, सायकल परदेशातून वा दुसऱ्या हाताची आली असेल तर: ब्रिटनमध्ये पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, आपल्या मोटरसायकलीसारखा, अमेरिकेत डाव्या. पहिल्या उताराआधी हे बघितलेलं बरं.

मोठी डिस्क म्हणजे चांगला ब्रेक, हा समज ८० किलोच्या माणसापुरता ठीक आहे. साडेपाचशे मीटर खाली येताना मुलगी, तिचं चिलखत आणि सायकल मिळून ६५ किलोंची सुमारे ३५० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. त्याच सायकलीवर मोठा गडी असेल तर ती ५४५ च्या घरात जाते. यातला बराच भाग ब्रेकमध्ये उष्णता होऊन निघतो. म्हणजे २२० मिलिमीटरची डिस्क त्याला लागेल, तिला नाही. तिच्या हलक्या मागच्या चाकावर तर इतका जोरकस ब्रेक बोट लागताच चाक जाम करतो. पुढे २००, मागे १८० हे मला पटतं. पॅड नवे असतील तर सपाटीवर वेग घेऊन वीस-पंचवीस वेळा दाबून ते बसवून घ्यायचे. शर्यतीच्या सकाळी कोरे पॅड घालून वर जाणारे बाप मी पाहिले आहेत, त्यांना काय म्हणावं.

आता सस्पेंशन. प्रकरणाचा खरा पेच इथे आहे.

स्प्रिंगचं गणित सोपं आहे. मागचं चाक २०० मिलिमीटर उचललं जातं तेव्हा शॉक ७५ मिलिमीटर दबतो, म्हणजे तरफ सरासरी २.६७ ची. स्वार पेडलांवर उभा असताना साठ टक्के भार मागे पडतो असं धरा आणि शॉक त्या भारानं तीस टक्के, म्हणजे साडेबावीस मिलिमीटर, बसायला हवा असं ठरवा. बसण्याच्या या मापाला ‘सॅग’ म्हणतात. मुलगी, चिलखत आणि सायकलीचा स्प्रिंगवर तोललेला भाग मिळून ६१ किलो धरले तर स्प्रिंग येते साधारण २४० पौंड प्रति इंच. मोठ्या गड्याला ३९० च्या आसपास. सायकलीसोबत आलेली स्प्रिंग ४०० ची असेल, तर ती मुलीखाली जेमतेम दबेल. २४० इतक्या मऊ स्प्रिंगा दुकानात सहज मिळत नाहीत, म्हणून हलक्या स्वारांना हवेचा शॉक सोयीचा पडतो. त्यात पंपानं दाब कमी केला की झालं.

झालं असं वाटतं, पण तिथेच फसगत होते. स्प्रिंग निम्मी केली तरी तेलाचा अडसर तसाच राहतो. दबलेली स्प्रिंग सुसाट उलटू नये म्हणून शॉकच्या आत तेल बारीक वाटांतून जातं आणि त्या वाटांवर पातळ पोलादी चकत्यांची चवड बसवलेली असते. मोठ्या गड्याची कडक स्प्रिंग जोरात उलटते, म्हणून चवड भक्कम. स्प्रिंग आणि स्वाराचं वजन दोन्ही निम्मी झाली तर हा अडसरही निम्मा व्हायला हवा, हे भौतिकशास्त्राचं साधं प्रमाण आहे. बाहेरच्या रिबाउंडच्या, म्हणजे उलटण्याचा वेग ठरवणाऱ्या, फिरकीनं तो थोडा कमी होतो. पण फिरकी पूर्ण उघडली तरी कारखान्याच्या डोळ्यापुढे हलका स्वार नसल्यानं बरेचदा पुरेसा होत नाही. मग काय होतं? पहिल्या दगडाला चिमटा दबतो, परत वर यायच्या आत दुसरा दगड येतो, मग तिसरा. प्रत्येक दगडाला चिमटा थोडा आणखी खाली. पाचव्या-सहाव्याला दोनशे मिलिमीटरांपैकी हाताशी उरतात साठ-सत्तर, आणि सायकल ठोकळ्यासारखी आदळू लागते. फोर्ट विल्यमच्या वरच्या खडकाळ पट्ट्यात हे हमखास घडतं. मुलगी म्हणते, ‘सस्पेंशन कडक आहे.’ बाबा हवा आणखी कमी करतात. चिमटा आणखी खाली बसतो.

यावर उपाय शॉक उघडण्याचा. सस्पेंशनचं काम जाणणाऱ्या माणसाकडून चकत्यांची चवड हलकी करून घ्यायची, चिमट्यात पातळ तेल भरायचं. या खर्चाला लोक कां कू करतात आणि त्याच पैशात कार्बनचं हँडल घेतात. माझ्या मते हलक्या रेसरच्या सायकलीवर आधी करावा असा हाच एक खर्च आहे. कॉम्प्रेशनच्या फिरक्या, दबताना अडसर घालणाऱ्या, सुरुवातीला सगळ्या उघड्या ठेवायच्या.

दोन गोष्टी मात्र कितीही पैसे टाकले तरी पूर्ण सुटत नाहीत. चिमट्यातल्या रबरी सीलांचं घर्षण स्वार बघून कमी होत नाही. ते मोडायला लागणारा जोर दोघांनाही सारखाच, म्हणून हलक्याला तो जास्त जाणवतो. सील स्वच्छ आणि तेलकट ठेवणं, खालचं तेल वेळेवर बदलणं याला तिच्या सायकलीवर मोठ्यांच्या सायकलीपेक्षा अधिक महत्त्व आहे. दुसरं, चाक, टायर आणि डिस्क यांचं वजन तिच्यासाठी घटत नाही. दगडावर उसळलेलं दोन-तीन किलोचं चाक ८० किलोच्या माणसाला फारसं हलवत नाही, तिला हलवतं. म्हणून तिच्या बाबतीत हलकं चाक ही चैन नव्हे.

सॅग मोजायला पंप, टेप आणि चिमट्याच्या चकचकीत नळीवरचं रबरी कडं पुरे. हेल्मेट, गुडघ्यांची कवचं, पाठीवरचं संरक्षण, बूट, सगळं घालूनच तिनं पेडलांवर उभं राहायचं. एकानं सायकल धरायची, दुसऱ्यानं कडं सीलला टेकवायचं, तिनं हळूच उतरायचं. पुढे चाळीस मिलिमीटर, म्हणजे वीस टक्के, मागे तीस टक्के. चिमट्यावर छापलेला हवेचा तक्ता अनेकदा ५५ किलोच्या आसपास सुरू होतो, तेव्हा तिच्यासाठी तो निरुपयोगी. कड्यावरच विश्वास ठेवायचा. मग एक पूर्ण फेरी मारून यायची आणि कडं कुठे थांबलंय ते बघायचं. सर्वात मोठ्या उडीनंतरही ते १५० वर अडकलं असेल, तर उरलेले पन्नास मिलिमीटर ती नुसते वाहून नेते आहे. अशा वेळी हवा आणखी सोडण्याआधी चिमट्याच्या हवेच्या कप्प्यात प्लॅस्टिकचे ठोकळे आहेत का बघावं. मोठ्या स्वाराचा चिमटा तळाला आदळू नये म्हणून ते घातलेले असतात. ते काढले की शेवटचा भाग मोकळा होतो आणि मधला आधार टिकतो.

टायरचंही गणित वजनाचं. डाउनहिलचे दुहेरी आवरणाचे टायर एकेक सव्वा किलोच्या आसपास असतात आणि त्यांच्या भिंती इतक्या ताठ की ४४ किलोखाली त्या दबतच नाहीत. टायर दबला नाही तर दगडाला धरत नाही. एक पायरी हलकं आवरण, पुढे मऊ रबर, ट्यूब नाही, आत सीलंट, आणि हवा पुढे १८ ते २०, मागे २० ते २३ पीएसआय. मोठी माणसं पंचवीसच्या पुढे भरतात म्हणून तिनंही भरायची, हे निव्वळ अंधानुकरण. मात्र पायाच्या अंगठ्यानं दाबून हवा ठरवणाऱ्यांनी डाउनहिलच्या वाटेला जाऊ नये. एका पीएसआयनं फरक पडतो आणि तो गेजशिवाय कळत नाही. गेजही एकच ठेवावा, कारण दोन गेज एकमेकांशी क्वचितच सहमत होतात.

एवढं झालं की सायकल ट्रॅकवर न्यायची, आणि इथून पुढे यंत्रापेक्षा मुलीशी बोलण्याचं कसब लागतं. खाली आल्यावर ‘कशी वाटली?’ विचारलं तर ‘मस्त’ असं उत्तर मिळतं. त्या वयात सगळंच मस्त असतं, नाहीतर बेकार. प्रश्न बारीक हवेत. हात दुखला का? तळवा, की कोपराखालचा भाग? तळवा असेल तर चिमटा दगड पोटात घेत नाही. कोपराखाली भरून आलं असेल तर आधी ब्रेकची दांडी लांब आहे का, ग्रिप जाड आहे का ते बघा, मग रिबाउंड. पाय पेडलावरून उठत होते का? उठत असतील तर मागचा शॉक फार वेगानं उलटतो आहे. वळणात आधी कुठलं चाक निसटलं? पुढचं असेल तर हँडल उंच तर नाही ना. दुहेरी क्राउनच्या चिमट्यात नळ्या क्राउनमधून पाच मिलिमीटर वर सरकवल्या की पुढचा भाग खाली येतो आणि चाकावर वजन पडतं. नळ्या टायर फ्रेमला वा क्राउनला घासणार नाही इतपतच सरकवायच्या, चिमटा पूर्ण दाबून खात्री करून.

एका वेळी एकच बदल, तोही ट्रॅकच्या त्याच दीड-दोनशे मीटरच्या तुकड्यावर, घड्याळ लावून. दोन फिरक्या एकदम फिरवल्या तर कशानं काय झालं ते कळत नाही. फिरक्यांचे टिक बंद बाजूपासून मोजून वहीत लिहायचे. कधीकधी अशीही वेळ येते की मुलीला सायकल आवडते आणि घड्याळ नाही म्हणतं. चौदाव्या वर्षी मी मुलीचं ऐकेन. ज्या सायकलीवर तिचा विश्वास आहे तिच्यावर ती पुढच्या फेरीत ब्रेक उशिरा मारेल, आणि घड्याळ आपोआप जुळेल.

वहीच्या प्रत्येक पानावर सगळ्यात वर तारीख आणि वजन. या वयात वर्षाला काही सेंटिमीटर उंची आणि काही किलो वजन सहज वाढतं, म्हणजे मार्चमध्ये जुळवलेली सायकल सप्टेंबरात दुसऱ्याच मुलीची असते. पहिला अंदाज असा: स्वार, चिलखत आणि सायकलीचा तोललेला भाग मिळून वजन जितके टक्के वाढलं तितके टक्के हवा वाढवायची आणि सॅग पुन्हा मोजायचा. ६१ चे ६६ झाले तर आठ टक्के. रिबाउंड एखाद-दुसरा टिक बंद करायचा. उंची वाढली असेल तर ब्रेकच्या दांड्या पुन्हा बघायच्या. मुलांचे तळहात बाकीच्या अंगाआधी वाढतात.

शर्यतीच्या दिवशी फिरक्यांना कुणी हात लावायचा नाही, शेजारच्या संघाचा मेकॅनिक कितीही चांगला सल्ला देवो. आदल्या रात्री सगळे बोल्ट टॉर्कच्या पान्ह्यानं तपासायचे. स्टेमचे पाच-सहा न्यूटनमीटरच्या वर आवळायचे नाहीत. टायरची हवा मात्र सकाळी खाली भरून वर तशीच राहील असं धरू नये. फोर्ट विल्यमला गोंडोलातून वर गेलं की बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, त्यानं गेजवरचा आकडा जवळपास एका पीएसआयनं चढतो. वरच्या थंडीनं तो थोडा उतरतो. उबदार गाडीत भरलेली हवा असेल तर आणखी उतरतो. हे दोन्ही एकमेकांना किती खातात ते त्या दिवशीच्या हवेवर. म्हणून गेज खिशात टाकून वर न्यायचा, सुरुवातीच्या फाटकापाशी सायकल दहा मिनिटं उभी करायची, मग मोजायचं आणि पीएसआय जास्त असेल तर तेवढी सोडायची. खाली एक पीएसआय जास्तच भरून निघावं. वर पंप न्यायची गरज पडत नाही.